तीन दिवसांचं पीठ

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मेळाव्यात प्रीतीवर कुणी बोलायचं असा प्रश्न निघाला की बायका माझ्याकडं बघतात. मी आमच्या वस्तीतली पहिली बी.ए. झालेली बाई आहे, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. मला बोलता येतं. शास्त्रातला प्रीतीवरचा अध्याय मला तोंडपाठ आहे. तो म्हणायला लागले की मागच्या रांगेत कुजबुजणाऱ्या बायकाही गप्प होतात. पण बोलून खाली बसले की दर वेळी मला आमची शेळी आठवते. का आठवते ते मी कुठल्याच मेळाव्यात सांगितलेलं नाही. आता लिहिते आहे. लिहिल्यानं उलगडा होईल असं मात्र वाटत नाही. इतक्या वर्षांत झालेला नाही.

आमचं गाव अणदूरच्या अलीकडं, चालत तासाभराच्या वाटेवर. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आम्ही दोर वळणारे. गावानं आम्हाला दिलेलं जातीचं नाव मी इथं लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना दोरावरून कळेल. आजोबांच्या वेळी वस्तीतल्या सात घरांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून काही आमचं बिऱ्हाड बदललं नाही, की धंदा बदलला नाही. केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं ओढ्यात कुजवायची, बडवून त्याचा वाख काढायचा आणि वाखाचे दोर वळायचे. कासरे, दावी, विहिरीचे सोल. सुगीला गावाच्या खळ्यावरून आम्हाला ज्वारी यायची आणि सणावाराला आमची पोरं वाडगं घेऊन गावात दारोदार जायची. हे ख्रिस्ती झाल्यावरही चालू होतं. बदललं ते एवढंच, की वस्तीच्या टोकाला एक पत्र्याची खोली उभी राहिली. तिथं दर रविवारी प्रार्थना व्हायची. महिन्यातून एकदा सोलापूरकडून पाळकसाहेब सायकलवर यायचे. ते नसतील तेव्हा प्रार्थना माझा बा चालवायचा, कारण वस्तीत अक्षरओळख त्याला एकट्याला होती.

आणि घरोघरी प्रभूचं गाडगं असायचं. पहाटे जात्यावर बसताना बाईनं दळणातली एक मूठ ज्वारी आधी त्या गाडग्यात टाकायची आणि मग खुंटा धरायचा. पाळकसाहेब आले की गाडगी मंडळीपुढं रिकामी व्हायची आणि ते धान्य कुणा अडल्यानडल्याकडं जायचं. माझी माय मूठ टाकताना दर वेळी तेच म्हणायची, "प्रभो, ज्याला न्हाय त्याला." मग पुढं ओव्या. गाडग्यात पडलेला दाणा आमच्या घरात शिजवायचा नाही, हा नियम. आम्ही उपाशी असलो तरी नाही. मी लहानपणी एकदा त्यातली मूठभर ज्वारी भाजून खाल्ली होती, तेव्हा मायनं उलथनं तापवलं होतं. लावलं नाही, पण तापवलं होतं.

त्या वर्षी मी तेरा वर्षांची होते. दोन वर्षं सोलापूरच्या बोर्डिंगात शिकून आले होते. हद्दीवर गडबड सुरू झाली, पाळकसाहेबांचं येणं थांबलं आणि माझंही बोर्डिंग सुटलं. बोर्डिंगात मी टेबलावर जेवायला शिकले होते आणि तोऱ्यात राहायलाही. गावात वाडगं घेऊन जायला मी साफ नकार दिला. मायनंही जबरदस्ती केली नाही.

उन्हाळ्यात बा सोलापूरच्या बाजाराला दोर घेऊन निघाला. छोटा भारा माझ्या डोक्यावर होता. गावाबाहेर करोडगिरीचा नाका होता. निजामाच्या हद्दीतून माल बाहेर न्यायचा तर तिथं जकात भरावी लागायची. त्या वर्षी जकात भरूनही नाकेदार माल अडवायचा. त्यानं बाचे दोर काढून घेतले. बानं हात जोडून एक कासरा तरी ठेवा म्हटलं, तर त्यानं सगळे दोर बाच्या गळ्यात घातले आणि नाक्यासमोर उन्हात उभं केलं. दुपार कलेपर्यंत. बाजाराला जाणारी माणसं बघत होती, कुणी हसत होतं. नाक्याला लागूनच नाकेदाराचं घर होतं. त्याची बायको ओट्यावर डाळ निवडत बसली होती. तिनं बाच्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. ती हसली. निदान मला तेव्हा तसं दिसलं.

घरी आल्यावर बा आठ दिवस दोराला शिवला नाही.

मग भादव्यात हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. फौज रस्त्यानं पुढं निघून गेली, आणि तिच्या मागं गावागावात जे झालं ते मी इथं सगळं लिहीत नाही. आमच्या गावातले काही मुसलमान बाप्ये पळाले, काही पळू शकले नाहीत. त्यांतल्या बहुतेकांनी कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं. नाकेदार कुठं गेला, पळाला की मारला गेला, ते कधीच कळलं नाही. त्याच्या घरात त्याची बायको आणि म्हातारी सासू राहिली. कोंबड्या गेल्या, धान्य गेलं, विहिरीवरचा दोरही कुणीतरी कापून नेला. दुकानदारानं त्यांना मीठमिरची द्यायचं बंद केलं. तसं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि नको म्हणूनही कुणी सांगितलं नाही.

आठेक दिवसांनी माय सकाळी पाण्याहून आली आणि बाला म्हणाली, त्या दोघींच्या घरातून धूर निघत नाही.

बा वाख विंचरत होता. म्हणाला, "निघू दे न्हायतर न्हाय."

मायनं गाडगं पुढं ओढलं. पाळकसाहेब चार-पाच महिने आले नव्हते, ते काठोकाठ भरलं होतं. तिनं दोन मुठी सुपात घेतल्या आणि पाखडायला लागली. बाच्या ध्यानात आलं. ते मंडळीचं धान्य आहे, पाळकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं त्यानं सांगितलं. माय म्हणाली, पाळकाला विचारून मूठ टाकली नव्हती, मूठ टाकताना 'ज्याला न्हाय त्याला' असं म्हटलं होतं, आणि आज तिला न्हाय.

"शत्रूवर प्रीती करा म्हणलंय," बा म्हणाला, "त्याच्या चुलीला पीठ पोचवा म्हणलं न्हाय."

"मंग प्रीती काय बसल्या जागी करायची व्हय?"

बा उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून तो मायशी बोलेना. बोलायचं झालं तर मला सांगायचा, "तुज्या मायला इचार, भाकरी झाली का." माय तीन हातांवर चुलीशी बसलेली. तीही मलाच सांगायची, "तुज्या बाला म्हनावं, हात धुवा." मी मधल्या मधी.

पीठ पोचवायचं काम मायनं माझ्यावर टाकलं. तिनं ते दळून दिलं होतं, कारण त्या घरातलं जातंसुद्धा कुणी उचलून नेलं होतं. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, वाडग्यात पीठ, वर फडकं. मी म्हटलं, ती बाला बघून हसली होती. माय म्हणाली, "हसली आसंल. मंग?"

मी गेले. दार लोटलेलं होतं. कडी वाजवली. फटीतून एक डोळा दिसला, मग माझ्या हातातलं वाडगं तिला दिसलं. ती आतूनच म्हणाली, "आज कुछ नई है. आगे जाव."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. ती मला मागायला आलेली समजली होती.

तिचं तरी काय चुकलं? आमच्या वस्तीतलं पोरगं वाडगं घेऊन गावातल्या दारात उभं राहतं ते एकाच कारणानं. धान्य गावाकडून आमच्याकडं यायचं. उलटं जाताना कुणी कधी बघितलं नव्हतं. स्वतः उपाशी असताना तिनं नेहमीच्या सवयीनं मला पुढं जायला सांगितलं. फडकं बाजूला करून एक शब्द बोलले असते तरी झालं असतं. पण दोन वर्षं बोर्डिंगात शिकलेल्या, वाडगं घेऊन न जाण्याची आण घेतलेल्या पोरीला कुणीतरी 'आगे जाव' म्हणालं होतं, आणि तेही तिनं, जी बाला बघून हसली होती. मी मागं फिरले.

मायला सांगितलं, नको म्हणाली.

"नगं म्हनाली?" मायनं एकदा माझ्याकडं बघितलं. "लाजली आसंल. उद्या परत जा."

वाडग्यातलं पीठ मी येतानाच आमच्या शेळीपुढं ओतलं होतं. गाडग्यातून निघालेलं पीठ घरात परत आणता येत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्या घरापर्यंत गेलेच नाही. केकताडाच्या कुंपणामागं थोडा वेळ बसले, शेळीला पीठ घातलं आणि परत आले. तिसऱ्या दिवशीही तेच. दोन्ही दिवशी मायला सांगितलं, नको म्हणाली. मी खोटं बोलत होते हे मला ठाऊक होतं. पण मनातल्या मनात मी बाच्या बाजूनं लढते आहे असं समजत होते. कुणाच्या तरी बाजूनं असलं की खोटं बोलणं सोपं जातं.

चौथ्या दिवशी शेळीनं घात केला. मी वाडगं घेऊन निघाले तर ती खुंट्याला हिसडा देऊन, बें बें करत माझ्या मागं लागली. थोबाड सरळ वाडग्याकडं. तिच्या दाढीला कालचं पीठ चिकटून वाळलेलं होतं. दारात माय उभी होती, खाटेवर बा बसला होता. दोघांनी बघितलं.

मी मार खायला तयार होते. मायनं मारलं नाही. उलथनंही तापवलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "तीन दिस?" मी मान हलवली. तिनं पदर खोचला, माझ्या हातातलं वाडगं घेतलं आणि चालायला लागली. मी मागून. बा एक शब्द बोलला नाही. तो मला रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शाबास म्हणाला असता तरीही बरं वाटलं असतं.

माय आडवाटेनं गेली नाही. भर सकाळी, पारावर माणसं बसलेली असताना, गावातून सरळ नाक्याकडं गेली. कडी वाजवली. तोच आवाज, "आगे जाव."

"मागाया न्हाय आले," माय म्हणाली. "द्याया आले."

दार उघडलं. नाकेदाराची बायको मायकडं बघत राहिली. आत म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. चुलीवर मडकं होतं, त्यात तरोट्याचा पाला उकडलेला होता, पाण्यासकट, आणि त्याचा वास मिठाशिवायचा होता. मी ते बघितलं. तीन दिवस, असं माझ्या मनात आलं. त्यापुढं काही आलं नाही.

"कायकू?" तिनं विचारलं. म्हणजे कशासाठी.

माझी माय कुणाला उत्तर द्यायला कधी अडखळत नसे. त्या दिवशी अडखळली. तिला तो प्रश्न अपेक्षित नव्हता. तिनं वाडगं पुढं केलं आणि म्हणाली, "तुमचा मानूस लई वाईट वागला. त्ये म्या इसरले न्हाय, इसरनारबी न्हाय. पर पीठ दळून झालंय. घ्या."

एवढंच. प्रभूचं नाव तिनं काढलं नाही, प्रीतीचं तर नाहीच. आवाज भांडतानाचा होता. त्या बाईनं वाडगं घेतलं. मायनं तिच्या हाताला हात लागू नये म्हणून वाडगं उंबऱ्यावर ठेवायला वाकावं अशी गावाची रीत होती. माय वाकली नाही. वाडगं हातातून हातात गेलं.

परतताना माय मला म्हणाली, "उद्यापून परत तूच."

मग महिनाभर मी रोज गेले. रोज, आणि रोज मनात रागच होता. तिच्यावरचा राग, मायवरचा, स्वतःवरचा, कधी कधी शेळीवरचासुद्धा. म्हातारी मला काहीबाही विचारायची, मी हूं हूं करायची. वाटेत गावची पोरं ओरडायची, नाकेदारणीची दासी चालली. मंडळीतही बोलणी सुरू झाली. एक म्हातारे मामा प्रार्थनेनंतर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, प्रभूचं गाडगं आता नाकेदाराच्या चुलीवर चढलंय. पाटलाच्या गड्यानं बाला रस्त्यात थांबवून सांगितलं, पीठ जास्त झालं असेल तर सुगीला खळ्यावर यायची गरज नाही. बानं ते घरी येऊन मलाच सांगितलं, मायला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. माय म्हणाली, "तुज्या बाला म्हनावं, सुगीला अजून येळ हाय."

आणि रविवारी बा प्रार्थना चालवायचा. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ येते. आमच्याशी वाईट वागणाऱ्यांना आम्ही क्षमा केली आहे, तशी तू आम्हाला कर, असा तिचा अर्थ. त्या ओळीला आलं की बाचा आवाज बंद व्हायचा. मंडळी ती ओळ आपली आपण म्हणायची आणि पुढच्या ओळीला बा परत सामील व्हायचा. पहिल्यांदा लोकांना वाटलं खोकला आला. मग सगळ्यांना कळलं. मी मात्र ती ओळ मोठ्यानं म्हणायची. बोर्डिंगात स्पष्ट उच्चार शिकवले होते.

दिवाळीच्या तोंडावर गुलबर्ग्याहून त्या बाईचा भाऊ बैलगाडी घेऊन त्यांना न्यायला आला. हे आम्हाला ती स्वतः आमच्या दारात आली तेव्हा कळलं. माय ओढ्यावर गेली होती. अंगणात बा आणि मी दोर वळत होतो. मी एका टोकाला फिरकी फिरवत होते, बा दुसऱ्या टोकाला तिन्ही पेड हातात ताणून उभा. दोर वळताना मध्येच हात सोडला तर सगळा पीळ उलटा फिरतो आणि वाख गुरफटून बसतो, सकाळचं काम वाया जातं. त्यामुळं बाला आत निघून जाता आलं नाही. तिच्यासमोर उभंच राहावं लागलं, हातात दोर घेऊन. मला तो नाक्यासमोर उभा असलेला दिसला. तिलाही दिसला असावा, कारण ती खाली बघायला लागली.

तिच्या हातात आमचं वाडगं होतं. त्यात दोन सीताफळं होती, तिच्या परसातली. भांडं रिकामं परत करू नये ही रीत त्यांच्यातही होती. तिनं वाडगं दगडावर ठेवलं. मग माझ्याकडं हात करून बाला म्हणाली, "पैले दिन मई इसकू भगाई. मांगने आई समझी. दो दिन ये आई नई, मई बोली, गलती मेरीच है. फिरबी आई. रोज आई." आणि माझ्याकडं वळून तिनं दोन्ही हात जोडले.

ती माझी माफी मागत होती. शेळीनं खाल्लेल्या पिठाबद्दल, तीन दिवसांच्या उकडलेल्या पाल्याबद्दल, ती माझी माफी मागत होती. मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य लागलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं असंही नाही म्हणता येत. मी फिरकी फिरवत राहिले, कारण ती थांबवली असती तर दोर बिघडला असता, आणि हे कारण मला त्या वेळी अगदी पुरेसं वाटलं.

बानं माझ्याकडं बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. तेव्हा दाढीला पीठ लागलेली ती शेळी त्याच्यासमोरच खुंट्याला बांधलेली होती. तो सांगू शकला असता. मला वाटलं आता सांगेल. पण तो मला म्हणाला, मायशी बोलायचा तसं, "तिला इचार, गाडीवरचं सामान बांधाया दोर हाय का."

मी विचारलं. तिनं मान हलवली, नाही.

ती थांबली. बानं घाई केली नाही. दोर शेवटपर्यंत वळला, टोकाला गाठ मारली, हात फिरवून निघालेले वाखाचे धागे जाळून काढले, जसं बाजारचा माल करताना करायचा. मग त्याची वेटोळी केली आणि दगडावर, वाडग्याशेजारी ठेवली. हातात दिली नाही. तिनं ती उचलली आणि गेली.

माय आल्यावर मी सगळं सांगितलं. माफीचं सोडून. मायनं एक सीताफळ मला दिलं आणि एक बाच्या पुढं ठेवलं. "खा म्हनावं तुज्या बाला," ती म्हणाली. बानं ते फोडलं, खाल्लं, बिया एकेक करून अंगणात थुंकल्या आणि म्हणाला, "लई गोड हाय," हे मला न सांगता सरळ मायला. त्या दिवशी त्यांचं बोलणं सुरू झालं. माझं सीताफळ मी शेळीला घातलं, असं लिहिलं तर छान दिसेल. पण मी ते खाल्लं. मलाही ते गोड लागलं.

पुढच्या रविवारी मला वाटलं आता बा क्षमेची ओळ म्हणेल. दोर दिला होता, सीताफळ खाल्लं होतं. ओळ आली आणि बा गप्प झाला. त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला. पाळकसाहेब परत येऊ लागल्यावर मागच्या रांगेत बसायचा, पण त्या ओळीला त्याचे ओठ कधी हलले नाहीत. मी एकदा, कॉलेजातून सुट्टीला आले असताना, त्याला विचारलं होतं. बा, तुमी तर तिला दोर दिला, मग आता काय राहिलं? तो म्हणाला, "दोर हातानं दिला. ती ओळ तोंडानं म्हनायची आसती."

मायनं क्षमा केली नव्हती, ते तिनं दारातच सांगितलं होतं, आणि पीठ दिलं. बानं क्षमा केली नाही आणि दोर दिला, आणि मला उघडं पाडलं नाही. त्या बाईनं न केलेल्या चुकीची माफी मागितली. पीठ रोज नेलं ते मी, मनात राग धरून. ते पीठ पोचलं, त्या दोघी जगल्या. आता यात प्रीती कुणी केली, ते मेळाव्यात बायका विचारतील, तर मला सांगता येणार नाही. मी तो अध्याय म्हणेन. तो मला चांगला येतो. आणि दर रविवारी मी ती क्षमेची ओळही म्हणते, सगळ्यांत मोठ्यानं, स्पष्ट उच्चारात. गुलबर्ग्याला मी नोकरीच्या निमित्तानं दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा त्या बाईची चौकशी केली नाही.